चहाडी आणि गाऱ्हाणे : शाळेतील छळाच्या इतिहासाची एक बाजू



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांच्यासमोर उभे राहून बोलण्याची माझी छाती त्यांच्या हयातीत कधी झाली नाही. वर्गात पाऊल टाकल्यावर त्यांची दृष्टी प्रथम फळ्याकडे नव्हे, तर शेवटच्या बाकाकडे जात असे. त्या बाकावर आज कोण बसले आहे आणि काल कोण बसले होते, हे त्यांच्या नेमके ध्यानात असे. मुलगा जागा बदलतो तो उगीच नव्हे, एवढेच ते म्हणत. या व्याख्यानासाठी विषय निवडताना मला त्यांची ती नजर आठवली. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाकडून इंदुरात होळकरशाहीतील एखाद्या प्रकरणाची अपेक्षा केली जाते, हे मी जाणतो. परंतु आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे, त्याची बखर कोणी लिहून ठेवलेली नाही. शाळेत एका मुलाने किंवा काहींनी मिळून दुसऱ्याचा चालवलेला छळ, आणि तो छळ भोवती इतकी वडीलधारी माणसे असूनही त्यांच्या कानांपर्यंत का पोहोचत नाही, हा तो विषय होय.

इंग्रजीत याला बुलिंग म्हणतात. आपल्या भाषेत त्याला एकच एक असा शब्द नाही. दांडगाई आहे, दादागिरी आहे, खोड्या काढणे, चिडवणे, वाळीत टाकणे आहे. पण यांतील प्रत्येक शब्द त्या गोष्टीचा एकेक तुकडाच दाखवतो. खोडी म्हटले की ती क्षम्य ठरते, आणि चिडवणे म्हटले की चिडणाऱ्याचाच दोष दिसू लागतो. याउलट, असे काही घडले म्हणून मोठ्या माणसाकडे जाऊन सांगणाऱ्या मुलासाठी मात्र आपल्याजवळ अगदी नेमका शब्द तयार आहे : चहाडखोर. माळव्यातील आपली मुले हिंदीच्या शेजारामुळे चुगलखोर म्हणतात. छळणाऱ्याला अर्धीमुर्धी नावे आणि सांगणाऱ्याला मात्र पुरते नाव, ही जी विषमता आहे तीत या विषयाचा निम्मा इतिहास दडलेला आहे असे मला वाटत आले आहे. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल?

आणि तरी आपल्याच भाषेत दुसरा एक शब्द आहे : गाऱ्हाणे. कोकणात आणि गोव्यात गाऱ्हाणे देवापुढे घालतात, आणि ते घालणाऱ्याला कोणी हिणवत नाही. गौळणी यशोदेकडे गाऱ्हाणे घेऊन जातात, त्यांनाही आपण चहाडखोर म्हणत नाही. यशोदा ते मनावर घेत नाही, हा भाग वेगळा. गाऱ्हाणे हसण्यावारी नेण्याची आपली परंपराही तितकीच जुनी आहे. पण शब्द आहे. एकच कृती कोणत्या काळात चहाडी ठरली आणि कधी गाऱ्हाणे ठरली, एवढाच धागा मी आज धरणार आहे.

प्रारंभ आपल्याच भूमीपासून करतो. पंतोजींच्या शाळेत एकटा पंतोजी आणि निरनिराळ्या वयांची मुले, अशी व्यवस्था असल्याने थोरल्या मुलांनी धाकट्यांकडून अक्षरे घोटवून घ्यावीत, ही रीत सहजच पडली होती. मद्रासजवळ एग्मोर येथे लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमशाळेची देखरेख करणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने मलबारी मुले वाळूवर अक्षरे गिरवून एकमेकांस शिकवीत असल्याचे पाहिले, तीच पद्धत आपल्या शाळेत चालवली आणि १७९७ मध्ये तिचा वृत्तांत इंग्लंडात छापला. तिकडे तिला मद्रास पद्धत असे नाव मिळाले. जोसेफ लँकेस्टर याने तिचीच निराळी आवृत्ती लंडनमध्ये उभी केली, आणि एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकू लागली म्हणून ती देशोदेशी पसरली. पुढे ही इंग्रजी पेहरावातील पद्धत मुंबई इलाख्यातील आरंभीच्या शाळांतून परत आपल्याकडे आली. वर्गावर्गांतील ‘मॉनिटर’ हा असा विलायतेचा प्रवास करून घरी आलेला आहे.

पद्धत स्वस्त होती आणि तिने पुष्कळांना साक्षर केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्या पोटात एक गोष्ट राहून गेली. धाकट्या मुलाने ज्याच्याकडे तक्रार न्यायची, तोही एक मूलच होता. आणि पुष्कळदा तक्रार त्याच्याचविरुद्ध असे.

या प्रकाराला तत्त्वज्ञानाचे रूप आले ते इंग्लंडच्या निवासी शाळांत. रग्बी येथील शाळेचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड यांनी १८२८ ते १८४२ या काळात सहावीच्या वर्गातील ज्येष्ठ मुलांच्या हाती उघडपणे सत्ता दिली. धाकट्यांनी थोरल्यांची कामे करावीत, थोरल्यांनी शिस्त राखावी, आणि यातून चारित्र्य घडावे, ही त्यांची कल्पना होती. आर्नल्ड हेतूने मोठा माणूस होता यात शंका नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या टॉमस ह्यूज याने १८५७ मध्ये ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. शाळेतील दांडगाईचे इतके प्रसिद्ध चित्र इंग्रजी वाङ्मयात दुसरे नसेल. फ्लॅशमन हा थोरला मुलगा कोवळ्या टॉमला पेटत्या शेगडीसमोर धरून भाजतो. टॉम अर्धमेला होतो. पण हे कोणी केले, हे तो घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईला सांगत नाही. हे न सांगणे हाच त्याचा पराक्रम म्हणून लेखकाने रंगवला आहे. पुढे फ्लॅशमनला शाळेतून काढून टाकतात, पण ते कशासाठी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तो दारू पिऊन सापडतो म्हणून! मूल भाजल्याची शिक्षा त्याला कधीच होत नाही, कारण शाळेला ते कळलेलेच नसते.

या कादंबरीचे पुढचे वृत्त फारसे कोणी सांगत नाही. सहाव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ह्यूज याने आपल्या एका मित्राचे पत्र प्रामाणिकपणे छापले आहे. मित्राची तक्रार अशी की, तू दांडग्याला तिरस्कारास पात्र केलेस हे ठीकच आहे; परंतु हे प्रकार थांबले पाहिजेत असे तू स्पष्ट सुचवत नाहीस, आणि ते थांबवण्याचा उपायही सांगत नाहीस. माझ्या मते पुढच्या दीडशे वर्षांच्या विचाराचे बीज या एका पत्रात आहे. छळ सोसण्यात धैर्य असते की नसते, हा प्रश्न बाजूला ठेवून तो बंद कोणी करायचा, असे विचारणारा तो पहिल्यांपैकी एक माणूस होता.

रग्बीच्या धर्तीचा निवासी शाळेचा नमुना हिंदुस्थानात राजकुमारांसाठी आला. राजकोटचे राजकुमार कॉलेज १८७० मध्ये उघडले, अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ मध्ये स्थापन झाले, आणि आपल्या इंदूरच्या रेसिडेन्सीतील शाळेस १८८२ मध्ये डेली कॉलेज हे नाव मिळाले. त्या संस्थांत छळ होत असे, असे मला सुचवायचे नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की, प्रीफेक्ट, हाउस, कॅप्टन हे शब्द त्यांच्याकडून झिरपत झिरपत तुमच्या-आमच्या साध्या शाळांपर्यंत आले, आणि त्यांच्याबरोबर ‘मर्दासारखे सोसावे, सांगू नये’ हा संकेतही आला. आपल्याकडे चहाडी या शब्दाने जमीन आधीच नांगरून ठेवली होती. त्यामुळे तो सहज रुजला.

येथे मी जरा थांबतो, कारण आपल्या देशातील एक प्रकार टॉम ब्राउनच्या कथेत बसणारा नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना वर्गात वेगळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट त्यांनी घरून आणायचे आणि घरी न्यायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने पाणी वाढले तर प्यायचे, शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. येथे छळ करणारा कोणी फ्लॅशमन नव्हता. छळ हीच शाळेची शिस्त होती. गुरुजींकडे गाऱ्हाणे न्यावे, तर गुरुजी तो नियम पाळणारेच. अशा वेळी मुलाने सोसावे की सांगावे, हा प्रश्नच निरर्थक ठरतो, आणि बदल वरूनच यावा लागतो. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना सामान्य शाळांत एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी त्याआधीच अंत्यज मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे काढली होती. हे दोघेही राजे होते, म्हणून त्यांना ते जमले, असे आपण म्हणतो. पण मला त्यांतील कारभाराची बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मुलाने येऊन तक्रार करण्याची वाट न पाहता, आपल्या शाळेत काय चालते याची जबाबदारी त्यांनी वडीलधाऱ्यांवर टाकली.

शास्त्राचे लक्ष या विषयाकडे उशिरा गेले. अमेरिकेत फ्रेडरिक बर्क याचा चिडवणे आणि दांडगाई यांवरील निबंध १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे शांतताच होती. ती भंगली स्वीडनमध्ये. पेटर-पाउल हाइनेमान नावाच्या डॉक्टरने एका कृष्णवर्णीय मुलाला दत्तक घेतले होते. इतर मुले कळपाने त्याच्या पाठीस लागतात हे पाहून त्याने १९६९ मध्ये एक लेख लिहिला, आणि १९७२ मध्ये पुस्तक. या प्रकाराला त्याने ‘मॉबिंग’ या अर्थाचा शब्द वापरला. तो कॉनरॅड लोरेन्ट्स या प्राणिशास्त्रज्ञाच्या लिखाणातून आला होता. पक्ष्यांचा थवा आपल्याहून बलिष्ठ अशा शिकारी पक्ष्यावर एकवटून तुटून पडतो, त्याचे ते नाव. दिवसा झाडावर सापडलेल्या घुबडाभोवती कावळ्यांनी केलेला कालवा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. शब्द मिळाला आणि स्वीडिश आईबापांना, शिक्षकांना, वृत्तपत्रांना एकाएकी त्या गोष्टीविषयी बोलता येऊ लागले. नाव नसलेल्या दुखण्याची तक्रार करता येत नाही.

पण उपमा पुरती बरोबर नव्हती, आणि हे दाखवले ते डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने. जन्माने हा स्वीडिश. त्याची पुढची सारी कारकीर्द नॉर्वेतील बर्गन येथे झाली. २०२० मध्ये तो वारला. स्टॉकहोममधील सुमारे हजार मुलांचा अभ्यास करून त्याने १९७३ मध्ये जे पुस्तक काढले, त्यात त्याचे म्हणणे असे होते की, पुष्कळदा सारा वर्ग कावळ्यांसारखा तुटून पडत नाही. छळणारे एक-दोघेच असतात आणि बाकीचे पाहत उभे राहतात. घुबड निदान बलवान असते, इथे तर बळी पडणारे मूल दुबळेच असते. छळाची त्याने केलेली व्याख्या आज जगभर चालते. त्रास हेतुपुरस्सर असावा, पुनःपुन्हा होत असावा, आणि दोन्ही बाजूंचे बळ विषम असावे. दोन तुल्यबळ मुलांचे भांडण हा छळ नव्हे. ‘आपसांत मिटवा’ हे वाक्य जेथे लागू पडते आणि जेथे पडत नाही, त्यांमधील सीमारेषा या व्याख्येने आखून दिली. हे वाक्य ध्यानात असू द्यावे. मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

१९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागातील दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. सोबत्यांनी केलेला तीव्र छळ हे त्याचे बहुधा कारण होते. देश हादरला आणि १९८३ मध्ये तेथील शिक्षण खात्याने सर्व प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांसाठी मोहीम काढली. तिच्यातील मुख्य साधन अगदी साधे होते. एक छापील प्रश्नावली. तीत मुलाने नाव लिहायचे नाही. फक्त आपल्याला त्रास होतो का, किती वेळा, कोठे, आणि तो पाहून शिक्षक काही करतात का, एवढे सांगायचे. एकट्याने जाऊन सांगणे ही चहाडी. पण सारा वर्ग एकाच तासाला, एकाच कागदावर, नाव न घेता सांगतो, तेव्हा तिला चहाडी म्हणण्याची सोय उरत नाही. गाऱ्हाण्याला त्याची प्रतिष्ठा परत देण्याची याहून सोपी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

उत्तरे आली ती कोणालाच सुखावणारी नव्हती. त्या वेळी नॉर्वेच्या या शाळांत सुमारे ५ लक्ष ६८ हजार मुले होती. त्यांतील सुमारे ८४ हजार, म्हणजे शेकडा पंधरा मुले या ना त्या बाजूने छळात गुंतलेली आढळली : शेकडा नऊ सोसणारी, शेकडा सात छळणारी, आणि थोडी दोन्हीकडे. मोठ्या वर्गात किंवा मोठ्या शाळेत हे अधिक होते, ही समजूत खोटी ठरली. शाळेत जाता-येताना वाटेवर अधिक होते, हीही खोटी ठरली. छळ शाळेच्या आवारातच अधिक होता. मधल्या सुट्टीत आवारात जितके अधिक शिक्षक, तितका तो कमी होता. आणि सर्वांत बोचरी गोष्ट म्हणजे, छळ सोसणाऱ्या प्राथमिक वर्गांतील मुलांपैकी शेकडा चाळीस आणि वरच्या वर्गांतील जवळजवळ शेकडा साठ मुलांनी सांगितले की, शिक्षक तो थांबवण्याचा यत्न क्वचितच करतात किंवा जवळजवळ कधीच करत नाहीत.

हे शिक्षक निर्दय नव्हते. मीही नव्हतो. म्हणूनच एक गोष्ट येथे सांगणे मला भाग आहे.

१९७४ साली मी दुसऱ्या एका गावातील शाळेत आठवीला इतिहास-भूगोल शिकवीत होतो. वडिलांच्या बदलीमुळे कोकणातून आलेला एक मुलगा जूनमध्ये त्या वर्गात दाखल झाला. त्याचे बोलणे सानुनासिक होते. तो धडा वाचू लागला की मागच्या बाकांवरून पुंगीचा आवाज येई आणि वर्ग हसे; एकदा-दोनदा मलाही हसू आवरले नाही. त्याच्या डब्याला सुक्या मासळीचा वास येतो म्हणून मुलांनी त्याच्याशेजारी बसणे सोडले, आणि पुढे तो डबाच नाहीसा होऊ लागला. हे सारे मला मागाहून कळले. त्या वेळी मला दिसले ते इतकेच की मुलगा पहिल्या बाकावरून सरकत सरकत दाराजवळ गेला आहे. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी नकाशांच्या कपाटाला कुलूप लावीत असता तो माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि काही सांगू लागला. त्याने पुरती दोन वाक्येही उच्चारली नसतील. मी म्हणालो, “चहाड्या करू नयेत, बाळ. आता मोठा झालास. आपसांत मिटवा.” तो बरे म्हणून गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. काही दिवस मी त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडली आणि मग कार्यालयाच्या सूचनेप्रमाणे तांबड्या शाईने नाव पटावरून कमी केले. कोणी मला काही विचारले नाही. मीही विचारले नाही.

पंचवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, खांडव्याच्या स्थानकावर एका गृहस्थांनी मला ओळखले आणि वाकून नमस्कार केला. तोच तो. चांगल्या नोकरीत होता, बायको-मुले बरोबर होती. त्याने चहा मागवला. धीर करून मी ती गोष्ट काढली, तर त्या मुलांपैकी दोघांची नावेसुद्धा त्याला आठवेनात. माझे वाक्य मात्र आठवत होते. तो हसत हसत म्हणाला, “सर, मला किल्ली आठवते. तुम्ही कुलपात किल्ली फिरवत बोलत होतात. मागे वळून पाहिलंच नाहीत.”

असो. नॉर्वेच्या मोहिमेकडे परत येतो. बर्गनमधील ४२ शाळांत आणि सुमारे अडीच हजार मुलांमध्ये ओल्वेउसने जे प्रयोग केले, त्यांत दोन वर्षांत छळाचे प्रमाण निम्म्यावर आले. उपाय डोळे दिपवणारे नव्हते. सुट्टीत आवारावर देखरेख, वर्गाची आठवड्याची बैठक, छळणाऱ्याशी आणि त्याच्या पालकांशी गंभीर बोलणे, आणि भिंतीवर तीन नियम : आम्ही कोणाला छळणार नाही, छळ होत असेल त्याला मदत करू, आणि एकटा पडणाऱ्याला आपल्यात घेऊ. पुढे या कार्यक्रमात चौथा नियम जोडला गेला. कोणाचा छळ होत असल्याचे कळले, तर आम्ही ते शाळेतील आणि घरच्या मोठ्या माणसांना सांगू. शेगडीपुढे गप्प बसलेल्या टॉम ब्राउनपासून या चौथ्या नियमापर्यंत यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

जपानची कथा मी नाइलाजाने सांगतो. १९८५ मध्ये तोक्योतील एका शाळेत तेरा वर्षांच्या एका मुलाचा लटका अंत्यविधी वर्गसोबत्यांनी मांडला. त्याच्या रिकाम्या जागेपुढे फुले ठेवली आणि शोकसंदेशाच्या पत्रावर सर्वांच्या सह्या घेतल्या. त्या सह्यांत चार शिक्षकांच्याही होत्या. त्यांना तो खेळ वाटला. पुढच्याच फेब्रुवारीत त्या मुलाने आत्महत्या केली. सारा देश हळहळला आणि थोड्याच वर्षांत पुन्हा दुसरीकडे तसेच घडले. २०११ मध्ये ओत्सू शहरात आणखी एक तेरा वर्षांचा मुलगा गेला. शाळेने नंतर मुलांना प्रश्न विचारले, मुलांनी पुष्कळ काही लिहून दिले, आणि शिक्षण मंडळाने त्यातील बरेचसे दडपून ठेवले. हे उघड झाल्यावर २०१२ मध्ये पोलिसांनी शाळेची आणि मंडळाच्या कचेरीची झडती घेतली, आणि २०१३ मध्ये जपानच्या संसदेने छळप्रतिबंधाचा कायदा केला. मुलाला शारीरिक वा मानसिक वेदना होते की नाही, ही त्या कायद्याची कसोटी आहे. करणाऱ्याला तो खेळ वाटतो की काय, ही नव्हे. शोकपत्रावरील त्या चार सह्यांना दिलेले हे उत्तर म्हणावे लागेल.

जपानचे आकडे मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावधपणे वाचावेत. २०११ च्या शैक्षणिक वर्षात शाळांनी कळवलेली छळाची प्रकरणे ७० हजार २३१ होती, पुढच्याच वर्षी ती १ लक्ष ९८ हजार १०९ झाली, आणि २०२३ च्या वर्षात ७ लक्ष ३२ हजार ५६८. मुले दहापट दुष्ट झाली काय? पुष्कळशी वाढ सांगण्यातली आणि मोजण्यातली आहे. तेथील शिक्षण मंत्रालय तर एकही प्रकरण न कळवणाऱ्या शाळेला सांगते की, हा शून्याचा आकडा मुलांना आणि पालकांना जाहीर दाखवा आणि काही सुटले नाही ना याची खात्री करून घ्या. आपल्या वार्षिक अहवालांत ‘या वर्षी शिस्तभंगाचे एकही प्रकरण घडले नाही’ हे वाक्य मी स्वतः कित्येकदा अभिमानाने लिहिलेले आहे.

आपल्या देशात कायद्याचे पाऊल पडले ते महाविद्यालयांतील रॅगिंगच्या वाटेने, आणि तेही मृत्यूनंतरच. तमिळनाडूत १९९६ मध्ये एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा खून झाला आणि १९९७ मध्ये तेथे कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये निर्देश दिले, राघवन समितीचा अहवाल २००७ मध्ये आला, आणि २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशात आणखी एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा बळी गेल्यावर त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान मंडळाचे नियम व राष्ट्रीय दूरध्वनी-सेवा ही दोन्ही आली. त्या सेवेवर नाव न सांगता तक्रार करता येते, आणि कळूनही स्वस्थ बसणारी संस्था स्वतः दोषी धरली जाते. शाहू महाराजांच्या हुकुमाचे सूत्र येथे मला पुन्हा दिसते.

शाळांसाठी मात्र असा स्वतंत्र कायदा देशपातळीवर झालेला नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील सतरावे कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते. त्याचा रोख मुख्यतः शिक्षकांकडे आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समित्या नेमण्यास सांगितले. आपली शाळा त्या मंडळाची नाही, म्हणून ते पत्रक आपल्या कपाटात नाही. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि आज देशभर चालतो. तो या आवारात कोठे लिहिला आहे का, हे मी आज सकाळी पाहिले. पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ देणगीदारांची नावे आहेत, क्रमांक नाही.

शाळेतील ज्यांना सारे ठाऊक असते, त्यांना आपण कधी विचारत नाही, हेही जाता जाता सांगतो. पाणी भरणाऱ्या बाई आणि घंटा वाजवणारा शिपाई यांना कोणाचा डबा रोज कोण खातो, कोणते मूल सुट्टीत ग्रंथालयाच्या जिन्याखाली जाऊन बसते, हे सारे माहीत असते. माझ्या त्या आठवीच्या वर्गाचे सारे वृत्त मला नंतर सांगितले ते शिपायानेच. “तुम्ही इचारलं नाही, सर,” असे तो म्हणाला होता.

मुख्याध्यापिका बाईंशी माझे या संदर्भात पूर्वीच बोलणे झाले आहे. पाचवी ते दहावीच्या वर्गांसाठी बारा प्रश्नांचा एक कागद मी मराठीत आणि हिंदीत तयार करून आणला आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एकाच दिवशी, एकाच तासाला तो सर्व वर्गांत भरून घेतला जाईल, आणि आलेले आकडे, ते कितीही अप्रिय असले तरी, पुढील वर्षीच्या याच पुस्तिकेत छापले जातील, असे बाईंनी कबूल केले आहे. कागदाच्या माथ्यावर इयत्ता आणि तुकडी लिहिण्यास जागा ठेवली आहे. नावासाठी ठेवलेली नाही.